काचेलाच लागलंय

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या मजल्यावरचं एक बोलणं कानावर पडलं आणि ते अजून डोक्यातून जात नाही. समोरच्या फ्लॅटचं दार साफसफाईसाठी सताड उघडं होतं, सोफ्याच्या गाद्या पॅसेजमध्ये येऊन पडल्या होत्या, आणि हॉलच्या पांढुरके डाग पडलेल्या मोठ्या स्लायडिंग खिडकीपाशी घरकामाच्या मावशी स्टुलावर उभ्या होत्या. "मावशी, काच पुसलीत की नुसतं पाणी फिरवलंत?" शेजारणीने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मावशींनी फडकं पिळलं, काचेवर अंगठ्याचं नख घासून दाखवलं आणि म्हणाल्या, "वहिनी, मळ असता तर निघाला असता. हे काचेलाच लागलंय." त्यावर शेजारीण म्हणाली, "बरं, जमेल तेवढं करा." विषय तिथेच संपला. मावशी पुन्हा घासू लागल्या, मी घरात आले. पण ते "जमेल तेवढं करा" मला रागावून बोलण्यापेक्षा जास्त लागलं. समोरच्या बाईचं म्हणणं पटलेलं नाही, पण वाद घालायला वेळही नाही, असा त्याचा सूर होता.

शेजारीण मनाने वाईट नाही. मावशींच्या घरात आजारपण आलं तेव्हा सगळ्यात आधी धावून जाणारी तीच. म्हणून तर हे जास्त टोचलं. चांगल्या माणसालाही समोर डाग दिसला की तो कुणाच्या तरी हातून राहिला असंच वाटतं. घासलं की निघतं, निघालं नाही म्हणजे घासलं नाही, हे गणित आपल्या अंगात इतकं मुरलेलं आहे की त्यात तिसरी शक्यता बसतच नाही.

तो डाग कसा असतो ते आमच्या भागात राहणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सकाळी काच निर्मळ दिसते. दुपार कलली, पश्चिमेचं ऊन तिरपं झालं की सगळी काच एकदम पांढुरकी होते आणि त्यावर शेकडो ठिपके, कडी आणि खाली ओघळलेल्या रेघा उमटतात. ओलं फडकं फिरवलं की सगळं गायब. काच अशी लख्ख की आपल्याला वाटावं झालं काम. मग ती सुकते, आणि ठिपके जिथल्या तिथे परत. मी एकदा भिंग घेऊन एक ठिपका निरखून पाहिला. मधला भाग जवळपास स्वच्छ, आणि कडेला एक जाड, खरखरीत, पांढरं वळं. त्याच्या आत आणखी एक बारीक वळं. थेंब सुकताना त्याची कड काचेला चिकटून राहते आणि तिथलं पाणी सगळ्यात आधी उडतं. ती जागा भरून काढायला मधलं पाणी कडेकडे सरकतं आणि जाताना आपल्यातलं सगळं तिकडे ओढून नेतं. सांडलेल्या कॉफीच्या डागाची कड जास्त काळी का होते, यावर शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1997 साली शोधनिबंध लिहिला होता. आमच्या खिडकीवर तोच प्रयोग वर्षभर चालू असतो, फक्त कॉफीच्या जागी टँकरचं पाणी.

मी वाढले ते पुण्याच्या पेठेत. तिथे नळाला खडकवासल्याचं पाणी. सह्याद्रीवर पडलेला पाऊस, धरणात साठलेला, जमिनीखाली फारसा न मुरलेला. साबण लावला की फेसच फेस, आणि हात धुताना तो निसटता निसटत नसे. आमच्या जुन्या घराच्या खिडक्यांना लहान लहान चौकोनी काचा होत्या, त्यांच्यावर धूळ असायची, काजळी असायची, पोस्टाच्या गाडीपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळ्यांचा धूर असायचा. पण ओल्या फडक्याने पुसलं की ते जायचं. लग्नानंतर काही वर्षांनी आम्ही पुण्याच्या कडेला वाघोलीला घर घेतलं. इथे मोठ्या इमारती आधी आल्या, पाण्याची लाइन मागून येते आहे. तोवर बोअर आणि टँकर. टँकर कुठल्या विहिरीवर भरला त्यावर त्या दिवशीच्या पाण्याची चव ठरते. उन्हाळ्यात, विहिरी खाली गेल्या की, गिझरमधून पाण्याबरोबर पांढरी कणी येते आणि शॉवरच्या जाळीतली भोकं एकेक करून बुजायला लागतात. वरणाचं विचारू नका. तूरडाळ रात्रभर भिजवली, कुकरच्या शिट्ट्या वाढवल्या, तरी दाणा दाणा वेगळा. सोसायटीतल्या बायका डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घेतात आणि त्याबद्दल बोलतही नाहीत, इतकं ते अंगवळणी पडलंय.

या पाण्यात असतं काय? पाऊस जमिनीत मुरताना मातीतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि किंचित आंबट होतो. तो आंबटपणा इतका हलका की जिभेला कळणार नाही, पण दगडाला कळतो. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्या बेसॉल्टमधल्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पाणी भेगांतून झिरपत जातं, दगडाला थोडं थोडं विरघळवतं आणि बायकार्बोनेटच्या रूपात ते क्षार आपल्याबरोबर घेतं. जितकं खोल आणि जितका वेळ मुरलेलं, तितकं साधारणपणे जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500) एकूण कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यायची मुभा. समजा पाणी 400 चं आहे. 15 लिटरच्या एका बादलीत मग 6 ग्रॅम क्षार झाले, चहाचा एक चमचा भरेल एवढे. काच धुऊन आपण निघून गेलो की मागे राहिलेला थेंब सुकतो, त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आणि जे विरघळलेलं होतं ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन काचेवर बसतं. खडू, चुनखडी, शहाबादी फरशी, संगमरवर, सगळ्यांचा मूळ पदार्थ हाच. दगडातून निघालेलं परत दगड होतं, एवढंच.

वाघोलीची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. इथल्या दगडखाणींत कॅव्हान्साइट नावाचं खनिज सापडतं, निळ्याजर्द सुयांचे गेंद. जगभरच्या संग्रहालयांत त्याचे जे सुंदर नमुने आहेत ते बहुतेक इथलेच. त्याच्या सोबतीला त्याच पोकळ्यांमध्ये स्टिल्बाइटसारखे झिओलाइट्स असतात, पांढरट, गुलाबीसर, मोत्यासारख्या चकाकीचे. आणि झिओलाइट्सच्या कुळातल्या अनेक पदार्थांचा गुण असा की ते आपल्या सांगाड्यात धरलेलं सोडियम सोडून पाण्यातलं कॅल्शियम धरू शकतात. 20व्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत पाणी मऊ करण्याची पद्धत बसवली गेली ती याच कुळातले पदार्थ वापरून. आज सॉफ्टनरच्या टाकीत राळेचे बारीक मणी असतात, पण अदलाबदल तीच. ज्या खडकाने पाणी जड केलं त्याच खडकाच्या पोटात ते मऊ करणाऱ्या खनिजाचे भाऊबंद बसलेत. खाणीजवळून जाताना मला दर वेळी हे आठवतं आणि उगाच बरं वाटतं.

माझ्या मामाची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. तिथे पाणी जमिनीखालचं, आणि रानात नांगर फिरला की पांढऱ्या चुनखडीचे खडे वर येतात. लहानपणी सुट्टीत गेलं की मामा आम्हाला ड्रीपच्या नळ्या बघायला पाठवायचा: कुठलं झाड तहानलेलं आहे ते शोधा. तोटीतून पाणी टपकत नसेल तर ती उघडायची, आत पांढरा कठीण थर. काडीने टोकरलं तर थोडं पडायचं, पण काम होत नसे. हंगामाच्या सुरुवातीला मामा स्वतः ड्रीपला ॲसिड सोडायचा. त्या दिवशी आम्हाला बांधाच्या अलीकडे यायची बंदी. तोंडाला उपरणं, हातात जाड हातमोजे, आणि एकच पाठ: ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. पट्टीवर रंग बघून पाणी हवं तितकं आंबट झालं की ते नळ्यांत भरून बंद करायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी टोकाची बुचं काढून जोरात पाणी सोडायचं. नळीच्या तोंडातून आधी दुधासारखं पांढरं पाणी यायचं, मग गढूळ, मग स्वच्छ. मामाला कुणी कधी म्हटलं नाही की तू नळ्या नीट घासत नाहीस. शेतावर सगळ्यांना ठाऊक असतं की हा पाण्याचा गुण आहे, आणि त्याला ॲसिड लागतं आणि रात्र लागते.

मग घरात येताच हे आपण कसं विसरतो?

त्या रविवारी मी मावशींना म्हटलं, आपण माझ्या बेडरूमच्या खिडकीवर करून बघू. मावशींचा विश्वास नव्हता, पण कुतूहल होतं. आधी कोरड्या ब्रशने ट्रॅकमधली आणि काचेवरची धूळ काढली, मग साबणाच्या पाण्याने काच धुतली. ही पायरी गाळू नये. वाळूतला गारेचा कण काचेपेक्षा कठीण असतो, तो फडक्याखाली अडकला तर काचेवर चरे उठतात आणि ते कशानेच जात नाहीत. खालच्या कडप्प्याच्या पट्टीवर जुना प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ अंथरला आणि त्यावर टॉवेल. कडप्पा म्हणजे काळा चुनखडकच. व्हिनेगरचा ओघळ त्यावर राहिला तर त्याची चमक जाते आणि तिथे करडा डाग राहतो. शहाबादी आणि संगमरवराचंही तेच. काचेवरचा चुना काढायला निघालो आणि ओट्याचा चुना विरघळवून बसलो, असं अनेक घरांत झालेलं मी पाहिलंय.

मग वाण्याकडचं साधं पांढरं व्हिनेगर. त्यात ॲसिटिक ॲसिड शेकडा 4 च्या आसपास असतं, त्यामुळे फार पातळ करायची गरज नाही. नुसतं फवारून पुसलं तर उपयोग शून्य, कारण ते वाहून जातं. जुन्या सुती बनियनचे तुकडे व्हिनेगरमध्ये भिजवून आम्ही काचेवर चिकटवले, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि वरून अधूनमधून फवारत राहिलो. बाहेर ढगाळ होतं, ते बरं झालं. उन्हाने तापलेल्या काचेवर ते लगेच सुकतं. मावशींनी एका तुकड्याची कड उचलून पाहिली. ठिपक्यांच्या वळ्यांवर अगदी बारीक बुडबुडे धरले होते. कान लावला असता तर कदाचित आवाजही आला असता, इतकं ते जिवंत दिसत होतं. चुनखडीत पूर्वी कधी कोंडलेला कार्बन डायऑक्साइड परत हवेत जात होता. चांगला चहा होऊन प्यायला होईल इतका वेळ आम्ही ते तसंच ठेवलं. मग तुकडे काढून नरम स्क्रबरने गोल गोल घासलं, आणि काचेवरून जे पाणी उतरलं ते धुरकट पांढरं होतं. मावशींनी नखाने काच चाचपली. आधी जिथे नख खरखरत होतं तिथे ते सरकलं. "आता निघालं," त्या म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या झडपेकडे वळल्या.

काही ठिकाणी दुसऱ्यांदा फडकी लावावी लागली. जाड ओघळांसाठी आम्ही सायट्रिक ॲसिड घेतलं, ढोकळ्यात घालतो ते. कोमट पाण्याच्या वाटीत दोन चमचे. ते व्हिनेगरपेक्षा वासाला सुसह्य आणि कामाला तिखट. डोळ्यात उडू नये याची काळजी घ्यायची आणि हातमोजे घालायचे, कारण बोटांना भेगा असतील तर झोंबतं, आणि भांडी घासणाऱ्या हातांना भेगा असतातच. शेवटी साध्या पाण्याने धुऊन, रबरी वायपर वरून खाली ओढून, कडा कोरड्या सुती कापडाने टिपल्या. हे कडा टिपणं सगळ्यात महत्त्वाचं. वायपरने ओढलेलं पाणी रबराच्या पट्टीशी जमतं, तिथे सुकतं, आणि पुढच्या डागांची सुरुवात तिथूनच होते.

मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढून दाखवतात. फेस खूप येतो, बघायला छान वाटतं, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि उरतं ते सोडियम ॲसिटेट नावाच्या क्षाराचं पाणी. सोड्याची पेस्ट हलकं घासायला वेगळी वापरा, व्हिनेगर वेगळं. आणि ब्लीचिंगचं पाणी किंवा ब्लीच असलेलं कुठलंही क्लीनर यात मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. संडासात टाकायचं ॲसिड काचेवर टाकणारेही आहेत. चुना जातो खरा, पण ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पांढरे चट्टे पडतात, स्क्रू गंजतात आणि घासणाऱ्याच्या छातीत ते धूर जातात. मालकीण तेव्हा दुसऱ्या खोलीत असते.

सगळ्याच काचा मात्र परत मिळत नाहीत. मागच्या बाजूच्या खिडकीवर, जिथे वरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचं पाणी वर्षानुवर्षं ओघळत होतं, तिथे व्हिनेगर लावूनही धुकं राहिलं. बुडबुडेही आले नाहीत. बेसॉल्टमधून आलेल्या पाण्यात थोडी सिलिकाही, म्हणजे वाळूचा मूळ पदार्थही, विरघळलेली असते, आणि तिचा थर आंबटाला दाद देत नाही. शिवाय काच आपल्याला वाटते तितकी निर्विकार नसते. पाणी तिच्यावर साचून राहिलं की तिच्यातलं सोडियम हळूहळू पाण्यात उतरतं, पाणी अल्कली होतं, आणि ते अल्कली पाणी मग काचेचाच सांगाडा कुरतडतं. नव्या इमारतीत स्लॅबच्या आणि प्लॅस्टरच्या चुन्याचं पाणी काचेवर ओघळतं, त्याने हे आणखी लवकर होतं. अशा वेळी काचेवर काही बसलेलं नसतं, काचच गेलेली असते. काचेचे कारागीर सेरियम ऑक्साइडची पूड आणि फेल्टचा पॅड घेऊन ती घासून गुळगुळीत करतात, पण अख्ख्या खिडकीला तो खटाटोप आणि खर्च क्वचितच परवडतो, आणि जास्त घासलं तर पलीकडचं झाड वाकडं दिसायला लागतं. काच कोरणारं हायड्रोफ्लोरिक ॲसिड असलेली क्लीनर कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. ते कातडीतून आत जाऊन हाडापर्यंत इजा करतं. मावशींनी त्या धुक्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "बघा, मी तेच म्हणत होते." शब्दशः खरं होतं ते. काचेलाच लागलेलं होतं.

हे डाग येतात कुठून, याचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा आपल्या काटकसरीपाशी पोचायला होतं. आमच्या इमारतीत घरोघरी आरओचं फिल्टर आहे, आणि त्यातून बाहेर पडणारं पाणी फेकायला कुणाचं मन धजत नाही. बरोबरच आहे, टँकरचे पैसे मोजणाऱ्याला पाण्याची किंमत कळते. ते बादलीत साठवायचं आणि त्याने लादी पुसायची, खिडक्या धुवायच्या, अशी पद्धत. पण फिल्टरने गोड पाणी वेगळं काढल्यावर मागे उरलेल्या पाण्यात सगळे क्षार दाटलेले असतात. मूळच्या टँकरच्या पाण्यापेक्षा ते जड. मावशींच्या हातात खिडक्या धुवायला दिली जाते ती नेमकी हीच बादली. त्या पाण्याने संडास धुवा, मोरी धुवा, तिथे ते वायाही जात नाही. काचेला नको.

काचेच्या शेवटच्या धुण्यासाठी त्याच घरात दुसरं पाणी फुकट मिळतं, एसीच्या नळीतून टपकणारं. ते हवेतल्या वाफेचं झालेलं पाणी, क्षार जवळजवळ नाहीतच. प्यायचं नाही, पण एका बाटलीत साठवलं तर दोन-चार खिडक्यांचं शेवटचं पुसणं होतं. पावसाळ्यात गॅलरीत बादली ठेवली की तेही तसंच. एसी नसेल तर पेलाभर फिल्टरचं पिण्याचं पाणी खर्ची घाला, काच मोठी असली तरी तेवढं पुरतं. वरच्या मजल्यावरच्यांनी कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या तर खालच्यांच्या अर्ध्या खिडक्या वाचतील. हे मी वरच्या काकूंना जाऊन सांगितलं आणि त्यांनी लगेच ऐकलं, कारण आजवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. साफ झालेल्या काचेवर गाडीच्या काचेसाठी मिळतो तो पाणी न धरणारा लेप लावला तर थेंब पसरत नाहीत, घसरून जातात. काही महिन्यांनी तो परत लावावा लागतो. सोसायटीच्या टाकीवर सॉफ्टनर बसवायचा विषय सभेत दर वर्षी येतो. मला तो हवा आहे. पण त्यात मीठ घालावं लागतं आणि धुतल्यावर निघणारं खारट पाणी कुठे सोडायचं याचं उत्तर आधी ठरवायला हवं. शेजारच्या ओढ्यात ते जाता कामा नये. आणि सॉफ्टनरच्या पाण्याचेही डाग पडतात, फक्त ते सोडियमचे असल्यामुळे ओल्या फडक्याने जातात. हातात टीडीएस मीटर घेऊन पाण्याचा जडपणा सांगणाऱ्यांवरही विसंबू नये. ते यंत्र विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतं, त्यातलं कॅल्शियम किती ते त्याला कळत नाही.

या सगळ्यात मावशींचं एक वेगळं काम उभं राहिलं. आता त्या आमच्या आणि शेजारच्या विंगेत क्षाराच्या काचा काढून देतात आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. सोसायटीच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं की खिडकी पुसणं तर महिन्याच्या कामातच येतं, मग हे जादा कशाचं? मी तिथे सविस्तर लिहिलं, कारण गप्प बसवेना. झाडलोटीच्या कामात धूळ पुसणं येतं. हे धुळीचं काम नाही. यात एका झडपेला फडकी लावून थांबावं लागतं, परत बघावं लागतं, कुठे सोडून द्यायचं ते ओळखावं लागतं. एखादी काच निघणार नाही हे नखाने चाचपून आधीच सांगता येणं हेही ज्ञान आहे, आणि प्लंबर आला की त्याच्या अशाच ज्ञानाचे आपण खळखळ न करता पैसे देतो. माझ्या लिहिण्याखाली दोघीचौघींनी अंगठे टाकले, एकीने दर जास्त आहे म्हटलं. दर मावशींनी कमी केला नाही. मला त्याचा आनंद झाला.

ग्रुपवर शेवटी मी जे लिहिलं ते इथेही लिहिते, कारण ते खरंच कळकळीने सांगायचं आहे. व्हिनेगर, सायट्रिक ॲसिड आणि हातमोजे घरवाल्यांनी द्यावेत, ते मावशींच्या पिशवीतून यायची वाट बघू नये. भर उन्हात हे काम सांगू नये. तापलेल्या काचेवर व्हिनेगर टिकत नाही, आणि त्या काचेसमोर स्टुलावर उभ्या असलेल्या बाईलाही तेच ऊन लागतं. बाहेरची बाजू साफ करायची असेल तर स्लायडिंगची झडप ट्रॅकमधून उचलून आत घ्या आणि जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर काम करा. झडप जड असते, उचलायला दोघं लागतात, तेव्हा घरातल्या कुणीतरी उठून हात लावावा. जी झडप निघतच नाही तिची बाहेरची बाजू राहू द्या. कुणालाही चौथ्या मजल्यावरून बाहेर वाकायला सांगू नका.